पडद्यावरचा पाठ आणि हातातील कसब

शिक्षक हा आजन्म विद्यार्थी असतो, असे शिक्षक दिनाच्या समारंभातून दरवर्षी सांगितले जाते. हे विधान खरे असले, तरी विद्यार्थी असणे म्हणजे काय, याची आठवण पुष्कळ शिक्षकांच्या मनात पुसट झालेली असते. जो विषय आपल्याला उत्तम येतो तोच वर्षानुवर्षे शिकविल्यामुळे चुकण्याचा अनुभव मागे पडतो. हाताने करावयाचे एखादे नवे कसब शिकावयास घेतले की तो अनुभव पुन्हा समोर उभा राहतो. सुई बोटात रुतते, कागद वाकडा कापला जातो, आणि चौथीतील मुलाला भागाकार का साधत नाही, हे शिक्षकाला नव्याने उमगू लागते.

असे कसब शिकण्यासाठी दूरच्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन राहणे प्रत्येक शिक्षकाला शक्य नसते. आंतरजालावर मात्र चित्रफिती, सचित्र पाठ आणि जुने ग्रंथ आज मोठ्या संख्येने विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग कसा करावा, त्यांची मर्यादा कोठे आहे आणि ती मर्यादा गावाच्या परिसरातच कशी भरून काढता येते, याचा विचार पुस्तकबांधणी या एका कसबाच्या आधारे येथे केला आहे.

पूर्वपीठिका

शाळेत हस्तव्यवसायाला स्थान असावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समिती नेमली गेली आणि मूलोद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याची ‘नयी तालीम’ची योजना पुढे आली. उद्योग आणि पाठ्यविषय यांच्या या सांगडीला ‘समवाय’ असे म्हटले जाई. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कार्य केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ या नावाने हाच धागा पुढे नेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तरमुक्त कालावधीची आणि सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याची शिफारस आहे. प्रत्येक शिक्षकाने आपल्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास द्यावेत, अशीही अपेक्षा त्यात व्यक्त केली आहे.

या सर्व प्रयत्नांत एक अडचण समान राहिली. मुलांना कसब शिकवावयाचे, पण ते शिक्षकाला कोण शिकविणार? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर अध्यापक विद्यालयातील हस्तव्यवसायाच्या तासापुरते मर्यादित होते. आता त्याला आंतरजालाची जोड मिळाली आहे. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडमुळे तो राज्यातील शिक्षकांच्या परिचयाचा आहे. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी तयार करण्याच्या कृतींचे श्री. अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ हे तर या क्षेत्रातील ठळक उदाहरण होय. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या श्री. गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. त्यांच्या संकेतस्थळावरील पुष्कळ साहित्य मराठीतही आहे. पुस्तकबांधणीपुरते बोलावयाचे, तर इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी डग्लस कॉकरेल यांचा १९०१ सालचा प्रमाणभूत ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संग्रहात विनामूल्य वाचावयास मिळतो.

कपाटातील पुस्तके

कोकणातील एखाद्या द्विशिक्षकी प्राथमिक शाळेचे प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक आहे. त्यानुसार या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट आहे. परंतु त्याला बहुधा कुलूप असते. याचे कारण शोधले तर ते शिक्षिकेच्या अनास्थेत सापडत नाही. ते पुस्तकांच्या पिनांत सापडते.

मुलांची पातळ पुस्तके बहुधा मधोमध लोखंडी पिना मारून बांधलेली असतात. कोकणातील दमट हवेत या पिना दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात. गंजाने भोवतालचा कागद कमकुवत होतो, मधले पान सुटते, मग त्याच्या बाहेरचे, आणि अखेरीस मुखपृष्ठ. पुस्तक मुलांच्या हाती दिले की पाने विखुरतात. पाने हरवली की नोंदवहीत उत्तर द्यावे लागते. म्हणून पुस्तके जपण्यासाठी ती न वाचू देणे, हा मार्ग नकळत स्वीकारला जातो. फाटक्या पुस्तकांची निर्लेखनासाठी यादी होते. वाचनाची गोडी लागण्याच्या वयातील मुले मात्र काचेआडची मुखपृष्ठे पाहून पाचवी पार करतात.

या शाळेतील बाईंनी एके दिवशी निर्लेखनाची यादी करावयास घेतली. चाळीसच्या वर पुस्तके त्या यादीत गेली. त्यांतील बहुतेकांचे एकही पान हरवलेले नव्हते; ती केवळ सुटी झाली होती. दुकानात दुरुस्तीला द्यावीत, तर एका पुस्तकाच्या बांधणीचा खर्च त्याच्या छापील किमतीहून अधिक होत होता. यादीवर सही करण्यापूर्वी त्यांनी स्वतः बांधणी शिकून पाहण्याचे ठरविले.

तीन चित्रफिती, एक कृती

शाळेच्या आवारात मोबाईलची रेंज नसल्याने बाईंनी तालुक्याच्या गावी गेल्यावर तीन चित्रफिती उतरवून घेतल्या. एक परदेशी होती, एक हिंदी आणि एक मराठी. तिन्हींत एकच कृती होती. एकाच शिक्षकाच्या मागे न लागता तिघांचे काम ताडून पाहण्याचा हा क्रम अनुकरणीय आहे. तिघेही जे करतात, ते त्या कसबाचे मर्म असते. ज्यात तिघे वेगळे पडतात, ती बहुधा त्या त्या कारागिराची सवय किंवा त्याच्या गावी मिळणाऱ्या वस्तूंची सोय असते. परदेशी कारागीर तागासारख्या लिननच्या दोऱ्याला मेण लावीत होता. हिंदी चित्रफितीत जाड सुती दोरा होता. दोरा बळकट हवा आणि तो कागद कापू नये, एवढेच दोन्हींचे तात्पर्य निघाले. बाईंनी गोधडीचा सुती दोरा घेतला आणि तो मेणबत्तीवर ओढून गुळगुळीत केला.

चित्रफीत पाहण्याचीही एक रीत आहे. पहिल्या वेळी हात रिकामे ठेवून ती अखेरपर्यंत पाहावी, म्हणजे कामाचा पूर्ण आकार ध्यानात येतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक टप्प्यावर ती थांबवून रद्दी कागदावर तेवढाच टप्पा करावा. तिसऱ्या वेळी ती बंद ठेवून आठवणीने काम करावे आणि जेथे अडेल तेथेच ती उघडावी. कारागीर समोर बसलेला असल्यास त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूस दिसतो, हेही विसरू नये. मुलांना आपण फळ्याकडून पाहतो आणि मुले आपल्याला बाकावरून पाहतात. त्यांचा असाच गोंधळ होत असणार, हे बाईंच्या तेव्हाच लक्षात आले.

साधी शिवण

पिनांच्या पुस्तकासाठी तीन छिद्रांची शिवण पुरेशी असते. तिची कृती पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम बोथट सुरीने गंजलेल्या पिनांची टोके सरळ करून त्या अलगद काढाव्यात. पाने क्रमाने लावून खालची व घडीची कड एकसारखी ठोकून घ्यावी. पुस्तक मधोमध उघडून घडीच्या रेषेवर तीन खुणा कराव्यात: एक मध्यावर, आणि वरच्या व खालच्या कडेपासून सुमारे चार सेंटिमीटरवर एकेक. गंजाने कुरतडलेली जागा टाळावी. या खुणांवर आरीने किंवा जाड सुईने छिद्रे पाडावीत.

दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट घ्यावा. सुई आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढावी व दोऱ्याचे चार बोटे टोक आत राहू द्यावे. बाहेरून वरच्या छिद्रातून सुई आत आणावी. आतल्या बाजूने, मधले छिद्र ओलांडून, ती थेट खालच्या छिद्रातून बाहेर न्यावी. शेवटी बाहेरून मधल्या छिद्रातून पुन्हा आत घ्यावी. मात्र त्या छिद्रात आधीच असलेला दोरा सुईने टोचला जाऊ नये. आता दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंस येतील, अशी ठेवावीत. घडीला समांतर दिशेने ओढून दोरा ताणावा आणि त्या लांब टाक्यावर दुहेरी गाठ मारावी. पहिल्या वेळी उजवे टोक डाव्यावर आणि दुसऱ्या वेळी डावे टोक उजव्यावर घेतले, की गाठ सरकत नाही.

या कामाला दहा-पंधरा मिनिटे लागतात. दोरा गंजत नाही, पुस्तक पूर्ण उघडते आणि पाने जागच्या जागी राहतात.

जे पडद्यावर दिसत नाही

शिवण बाईंना आठवडाभरात साधली. अडचण आली ती पुठ्ठ्याच्या बांधणीत. चित्रफितीत कारागीर कुंचल्याने खळ लावतो, कागद पसरतो, हात फिरवितो आणि सुबक पुस्तक समोर ठेवतो. बाईंनी तसेच केले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा पन्हाळीसारखा वाकला होता, कडेची पाने एकमेकांना चिकटली होती, आणि आठवड्याने अस्तरावर बुरशीचे ठिपके उमटले. मुलांचे आवडते एक गोष्टींचे पुस्तक या प्रयोगात कायमचे गेले. आधी केवळ सुटे असलेले पुस्तक आता खरोखरच निर्लेखनाच्या यादीत बसले.

हे अपयश त्यांनी झाकले नाही. ते पुस्तक घेऊन त्या तालुक्याच्या गावातील एका वयस्क बाइंडरकडे गेल्या. कचेरीतील नोंदवह्या आणि वाचनालयाची पुस्तके बांधण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी पुस्तकाकडे क्षणभर पाहिले, आणि भांड्यातील खळ चिमटीत घेऊन बोटे उघडली.

“बाई, खळ बोटाला लागली पाहिजे, पण बोटावर बसता कामा नये,” ते म्हणाले. “तुम्ही लावलीत ती बसली.”

“काका, चित्रफितीत तर एवढीच दिसत होती,” बाई म्हणाल्या.

“दिसेल. पण तिकडची हवा तुम्हाला दिसली का?”

या एका प्रश्नात ऑनलाईन शिक्षणाची मर्यादा नेमकी आली आहे. पडदा हाताची हालचाल दाखवितो. हाताला होणारा स्पर्श, खळीचा दाटपणा, दोऱ्याचा ताण आणि हवेतील ओल तो दाखवू शकत नाही. कोरड्या, थंड देशात काही तासांत सुकणारे काम आपल्याकडे आषाढात दोन-तीन दिवस घेते. तेवढा काळ ते वजनाखाली दाबून ठेवावे लागते, आणि ओलावा शोषण्यासाठी मध्ये घातलेले रद्दीचे कागद वरचेवर बदलावे लागतात.

त्या कारागिराने आणखी दोन गोष्टी शिकविल्या. पहिली कागदाच्या तंतूंची. यंत्रावर तयार झालेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एका दिशेने असतात. कागदाचा लहान चौकोन एका बाजूने ओला केला की तो नळीसारखा वळतो. त्या नळीची लांबी म्हणजे तंतूंची दिशा. ही दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर असावी लागते, अन्यथा कागद फुगून सुरकुत्या पडतात व पान उलटताना अडते. दुसरी गोष्ट पुठ्ठ्याची. खळ लावलेला कागद ओलीने पसरतो आणि सुकताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूसही कागद चिकटवून ओढ सारखी करावी लागते. बाईंचा पुठ्ठा वाकला होता तो याच कारणाने. पुढे ती चित्रफीत पुन्हा पाहिली, तेव्हा कारागीर पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद लावीत असल्याचे त्यांना दिसले. आधीही ते दिसतच होते; पण चूक होईपर्यंत त्याचा अर्थ कळलेला नव्हता.

काही पथ्ये

शाळेसाठी खळ करताना एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, त्यात पाच वाट्यांच्या बेताने पाणी घालून मंद आंचेवर सतत ढवळावे, आणि मिश्रण काहीसे पारदर्शक झाले की उतरवून फडक्यातून गाळावे. किडीपासून बचावासाठी बाइंडर खळीत मोरचूद घालीत आले आहेत. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत ते मुळीच घालू नये. खळ लागेल तेवढीच करावी आणि पावसाळ्यात रोज ताजी करावी. फाटलेल्या पानावर प्लास्टिकची चिकटपट्टी लावू नये. ती कालांतराने पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो. पातळ कागदाची अरुंद पट्टी आणि पातळ खळ हाच चांगला उपाय होय. धारदार सुरीचे काम शिक्षकांनीच करावे. छिद्रे आधी पाडून दिल्यास मुलांना बोथट सुईने शिवता येते.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य हे, की जुनी हस्तलिखिते, पोथ्या, मोडी कागदपत्रे किंवा दुर्मीळ ग्रंथ यांवर नवशिक्याने हात चालवू नये. अशा वस्तू गावात आढळल्यास त्या कोरड्या जागी ठेवून पुराभिलेख संचालनालयाचा किंवा जाणकार संस्थेचा सल्ला घ्यावा.

वर्गातील समवाय

कसब शिक्षकाच्या हाती आले की ते वर्गात आपोआप उतरते. एका मोठ्या कागदाची एक घडी घातली की चार पृष्ठे होतात, दोन घड्यांनी आठ आणि तीन घड्यांनी सोळा. छापखान्यातील फर्मा म्हणजे काय, हे सांगता सांगता दुपटीचा पाढा आणि अपूर्णांक दोन्ही शिकविता येतात. पिना का गंजतात, मैद्याचे पाणी तापविल्यावर दाट का होते, ओला कागद का वळतो, हे विज्ञानाचे प्रश्न मुले स्वतःच विचारतात. वर्षअखेरीस वह्यांतील कोरी राहिलेली पाने काढून, जुन्या दिनदर्शिकेचे वेष्टन घालून नव्या वह्या शिवता येतात. नयी तालीमच्या प्रवर्तकांना अभिप्रेत असलेला समवाय हाच होता.

याहून मोठा लाभ असा, की नुकतेच शिकलेल्या शिक्षिकेला आपल्या चुका ताज्या आठवतात. मुलाने दोरा टोचला की ती रागावत नाही, कारण तिनेही तो टोचला होता. आणि कपाटाचे कुलूप निघते. पुस्तक फाटले तर शिवता येते, हे ठाऊक असलेल्या शाळेत पुस्तक मुलाच्या हाती देण्याची भीती उरत नाही.

प्रशासन व पंचायतीचे साहाय्य

असे प्रयत्न एका शाळेपुरते राहू नयेत, यासाठी फार मोठ्या तरतुदीची आवश्यकता नाही. केंद्रातील शिक्षण परिषदेत एखाद्या शिक्षकाला आपले शिकलेले कसब अर्धा तास प्रत्यक्ष करून दाखविण्याची संधी केंद्रप्रमुखांना देता येईल. अधिकाऱ्यांनी शाळा तपासणीच्या वेळी किती चित्रफिती पाहिल्या वा किती प्रमाणपत्रे मिळविली, एवढेच न विचारता तयार झालेली वस्तू हातात घेऊन पाहावी. त्या वस्तूतील चुका या शिकल्याचा पुरावा असतात, हेही ध्यानात ठेवावे. दोरा, पुठ्ठा, मैदा आणि दोन-चार आऱ्या यांचा खर्च किरकोळ असतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याचा विचार सहज होऊ शकतो.

ग्रामपंचायत सदस्यांचे काम याहून महत्त्वाचे आहे. गावात किंवा लगतच्या बाजारपेठेत कोण बाइंडर, कोण बुरूड, कोण कुंभार अजून काम करतो, याची माहिती त्यांनाच असते. अशा जाणत्यांची नावे शाळेला कळवावीत, दप्तरमुक्त दिवसांत त्यांना सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई मानधनाने करावी. कारागिराचा वेळ फुकट मिळावा, ही अपेक्षा योग्य नव्हे.

या उदाहरणातील बाईंनी अखेरीस एक छोटी गोष्ट केली. त्या वयस्क बाइंडरांच्या संमतीने त्यांनी त्यांचे हात काम करताना मोबाईलवर टिपले; खळ कशी ओळखावी आणि पावसाळ्यात पुस्तक किती दिवस दाबावे, हे त्यांच्याच बोलीत नोंदविले. ती चित्रफीत आता केंद्रातील अन्य शिक्षक पाहतात. आंतरजालावरून घेतलेल्या ज्ञानात कोकणच्या हवेची भर पडून ते पुढच्या शिक्षकाकडे गेले.

निर्लेखनाच्या यादीतील बहुतेक पुस्तके पुन्हा कपाटात आली आहेत. बिघडलेले ते एक पुस्तकही बाईंनी ठेवले आहे. कोणी नवा शिक्षक शिकावयास आला की प्रथम तेच त्याच्या हाती देण्यात येते.